रणभूमी दर्शन, नाश्त्यासह

वेळणेश्वरला आलेला शहरी पाहुणा पहिल्या दिवशी समुद्र बघतो, दुसऱ्या दिवशी कुलदैवताला अभिषेक करतो आणि तिसऱ्या दिवशी त्याला इतिहास चढतो. ही नाडी ओळखून इथल्या एका होतकरू गाईडने 'एकदिवसीय रणभूमी दर्शन' काढलंय. नाश्ता, गाडी, किल्ला, मासळीचं किंवा शाकाहारी जेवण आणि पत्रकात ठळक अक्षरांत 'सरहद्दीचा थरार'. भगवा झेंडा गाडीवर मोफत. घोषणा ज्याच्या त्याने घरून आणाव्यात.

सरहद्द कुठली, असा प्रश्न सगळ्यांनाच पडला होता. रत्नागिरी जिल्ह्याला लागून कुठलं परकं राष्ट्र नाही. पश्चिमेला नुसता अरबी समुद्र. त्याचा पहारा २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर कडक झाला. तेव्हापासून जन्मभर याच पाण्यात होडी घालणाऱ्या खलाशाला ओळखपत्र खिशात ठेवून आपण आपणच आहोत हे दाखवावं लागतं. आमच्या ग्रुपला मात्र एवढ्याने थरार येईना.

पालशेत, गुहागर, रानवी मागे टाकून गाडी अंजनवेलला पोचली आणि थरार आपोआप आला. उजवीकडे कुंपण, त्यावर काटेरी तार, आत उंच धुराडी, फाटकाशी बंदूकवाले. 'फोटो काढू नका' अशी पाटी. सगळ्यांनी ताबडतोब फोटो काढले.

"हा किल्ला कोणाचा?" मागच्या सीटवरून एका बालवीराने विचारलं. त्याच्या वडिलांनी त्याला गप्प केलं. प्रश्न चुकीचा नव्हता.

खरा किल्ला शेजारी आहे, गोपाळगड. दाभोळच्या खाडीच्या तोंडावर, जमिनीच्या बाजूने खोल खंदक खणलेला. आत कलमांची बाग. कारण १९६० मध्ये हा किल्ला तीनशे रुपयांना विकला गेला, असं इथं सांगतात. राज्य संरक्षित स्मारक वगैरे फार पुढे झालं. तीनशे रुपयांत बुरूज, तट आणि खंदक, शिवाय हापूसला उतारावरची उन्हं! गाईडने हा भाव सांगताच ग्रुपमधल्या एका बिल्डरच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही ते देशप्रेमाचं समजलो.

मग युद्धकथा. तुळाजी आंग्र्यांनी १७४५ मध्ये सिद्दीकडून हा गड घेतला. घोषणा झाली. दहा-अकरा वर्षांनी पेशव्यांनी तो तुळाजीकडून घेतला. पुन्हा घोषणा झाली, तितक्याच जोरात. पेशव्यांनी त्या मोहिमेत इंग्रजांना सोबत घेतलं होतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळालं आणि तुळाजीचं उरलेलं आयुष्य कैदेत गेलं, हे गाईड जरा खालच्या आवाजात बोलला. ग्रुप अडकला. आता जयजयकार कोणाचा करायचा? शेवटी एका अनुभवी गृहस्थांनी तोड काढली. ज्याचं नाव घेतल्यावर कोणी वाद घालणार नाही अशा शिवरायांची घोषणा दिली आणि सगळे सुटले.

खंदकाच्या काठावरून वेलदूर दिसतं. पत्रकात ते नाही. तरी इथली सगळ्यात ताजी लढाई तिथलीच. ३ जून १९९७ ची पहाट. पुरुष मासेमारीला गेलेले. पोलिसांनी दारं उघडून झोपलेल्या बायकांना, पोरांना ओढून बाहेर काढलं, असं ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या अहवालात नोंदलंय. गुन्हा काय, तर त्या कुंपणाआडच्या, एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाला विरोध. बंदोबस्ताच्या पोलिसांचा खर्च कंपनी सरकारला देत होती, हे १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने लिहिलं. आरमार जाळताना पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली होती. इथे परकी कंपनी आपल्याच पोलिसांचं बिल भरत होती. प्रगती ती हीच.

त्या युद्धाचे राजकीय सेनापती तर काय वर्णावेत! १९९५ मध्ये प्रकल्प समुद्रात बुडवायच्या घोषणेवर निवडणूक जिंकली, ऑगस्टमध्ये करार रद्द केला आणि पुढच्याच वर्षी फेरवाटाघाटी करून आधीपेक्षा मोठा प्रकल्प किनाऱ्यावर आणला. दिल्लीच्या तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता त्याच प्रकल्पाच्या प्रतिहमीवर शिक्का मारला. इतक्या घाईत आपल्याकडे फक्त बदल्या होतात. २००१ मध्ये महाराष्ट्राने महागडी वीज घेणं थांबवलं, त्याच डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचं दिवाळं निघालं. म्हणजे लाठ्या वेलदूरच्या बायकांनी खाल्ल्या आणि कंपनी बुडवली तिच्याच हिशेबनिसांनी.

"वेलदूरला थांबायचं का?" मी विचारलं.

"नको हो, ते राजकीय," अनुभवी गृहस्थ म्हणाले. "आपण इतिहास बघायला आलोय."

गाईडलाही हे मान्य. त्याच्या मते युद्ध पॅकेजमध्ये यायला दोनशे वर्षं मुरावं लागतं. जखमी माणूस अजून ओट्यावर बसून जाळं विणत असेल, तर तो पाहुण्यांना अडचणीचे प्रश्न विचारतो; तुळाजी विचारत नाही. मी म्हटलं, पक्षांच्या बाबतीत दोनशे वर्षं कशाला, कोण कोणाकडून लढलं हे त्यांच्यात तर आत्ताच कोणाला आठवत नाही. तो हसला नाही. त्याची परवान्याची फाईल पंचायतीत पडून होती.

परतताना बालवीराने कुंपणाकडे बोट दाखवून जयजयकार केला. पहारेकऱ्याने सवयीने सलाम ठोकला.

उद्या तवसाळच्या जेटीवरून फेरीबोटीने जयगड. तिथेही किल्ल्याच्या शेजारी वीज प्रकल्प आहे. कुंपण आहे, पहारा आहे. तिथल्या रणभूमीत काय काय धरलंय, असं मी गाईडला विचारलं. त्याने वही उघडली, पेन्सिल कानावरून काढली आणि म्हणाला, "आठला निघू. तुम्हाला आंबोळी सांगू की घावन?"