स्वस्तात घर, सह्यांसकट

पुण्यात फ्लॅट घेतला की बँक आपल्याला सांभाळून घेते असं वाटतं. प्रत्यक्षात पुढची वीस वर्षं आपण बँकेला सांभाळत असतो. हा हिशेब एकदा डोक्यात शिरला की माणसाला कोकण आठवतं. कौलारू घर, पुढे अंगण, मागे चार माड आणि किंमत प्रॉव्हिडंट फंडात बसणारी! आम्हा उभयतांना राजापूर आठवलं, कारण एजंटाने फोटो तिथला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘स्टेशनपासून जवळ’. स्टेशनचं नाव राजापूर रोड. स्टेशनच्या नावात ‘रोड’ असला की समजावं, रेल्वेने गावाला लांबूनच नमस्कार केला आहे. उरलेलं अंतर रिक्षावाल्याच्या मर्जीवर.

घर मात्र पाहताक्षणी आवडलं. जांभ्या चिऱ्याच्या जाडजूड भिंती, पडवीच्या वाशाला झोपाळ्याच्या गंजलेल्या कड्या, भर दुपारी दिवा लावावा लागेल असं गार माजघर. न्हाणीघरात उभं राहून सौ.ने वर पाहिलं, तर थेट आकाश.

“वानर हो,” एजंट म्हणाला. “कौलं फोडतात. पण तुमचीच फोडतील असं नाही, सगळ्यांचीच फोडतात.”

वानरांकडून अशी समान वागणूक मिळणार म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. मी किमतीकडे वळलो. एवढं घर इतक्या स्वस्तात कसं?

“हे कुठलं स्वस्त? खाली जवाहर चौकाकडे बघा, याहून कमीत पडेल. अर्जुना आणि कोदवली भरल्या की चौकात पाणी येतं. पण अचानक नाही हो येत. व्यापारी आधीच माल माडीवर चढवतात. पाणी येतं आणि जातं.”

आम्हाला येऊन-जाऊन असणारं पाणी नको होतं. चढावरचं घरच बरं, असं ठरलं आणि मग सातबारा निघाला.

कोकणातला सामाईक सातबारा सवडीने, चहा घेत वाचायची गोष्ट आहे. भोगवटादाराच्या रकान्यात नावं सुरू झाली ती पान संपलं तरी संपेनात. मूळ पुरुषाचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे, त्यांच्या बायका, अज्ञान पालनकर्ता म्हणून लावलेली आई आणि एव्हाना स्वतः आजोबा झालेला तो अज्ञान. काही नावांना कंस होता.

“कंसातले देवाघरी,” एजंटाने उलगडा केला. “कंसाबाहेरचे बोरिवलीला.”

शिवाय लेकी होत्या. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलग्यांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि केंद्राने २००५ साली. फार चांगलं झालं. कोकणातल्या पुरुषांना मात्र ही बातमी खरेदीखताच्या आदल्या आठवड्यातच कळते. मग धावत सुटतात आत्याकडे हक्कसोडपत्र घेऊन! इथे आत्या सही द्यायला तयार होत्या, पण थोरल्या काकांशी त्यांचं बोलणं नव्हतं. कारण घरामागचा फणस. जमीन काकांच्या हिश्श्याची, झाड आत्यांचं. कोकणात जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याचं असू शकतं आणि दोघेही खरे असतात. फणस मात्र पिकला की जमिनीवर पडतो, आणि तिथून पुढे दिवाणी दावा सुरू होतो.

काकांना भेटायला बोरिवलीला गेलो. चहा झाला, पोहे झाले, कोकणात आता पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही हेही झालं.

“विकायचं आहे, असं कोण म्हणालं?” काका म्हणाले. “गणपतीला आम्ही तिथंच जातो.”

“काका, पण छप्पर...”

“पडवीत झोपतो ना!”

बऱ्याच मिनतवारीनंतर काका सहीला राजी झाले. अट एकच: गणपती त्याच माजघरात बसेल आणि सगळं कुटुंब दरवर्षी येईल. कुटुंब म्हणजे कोण, ते सातबाऱ्यावर होतंच. घर आमचं, कर्ज आमचं, घरपट्टी आमची आणि भाद्रपदात पडवीत झोपायची पाळीही आमचीच. सौ.ने फक्त मोदक कोण करणार एवढंच विचारलं. काकांनी मोठ्या मनाने तो मान तिला दिला.

दरम्यान वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली: कुणाचा हक्क, हितसंबंध असल्यास कळवावे. पेरणीआधीच पीक यावं तसे नातेवाईक उगवले. एका पुतण्याचा बडोद्याहून फोन आला. त्याला घर नको होतं, पैसेही नको होते. आपल्याला कुणी विचारलं नाही, एवढाच त्याचा हितसंबंध होता. राजापूरची गंगा कधी प्रकट होईल याचा नेम नाही म्हणतात. तरी पण ती निदान एकाच ठिकाणी प्रकट होते.

सध्या व्यवहार इसारपावतीवर अडला आहे. आत्यांची सही झाली की काका रुसतात, काकांचं मन वळलं की पुतण्याचा फोन लागत नाही. एजंट मात्र प्रसन्न आहे. असे अनेक व्यवहार तो वडिलांच्या काळापासून सांभाळतो आहे.

तेव्हा वाचकहो, कोकणात स्वस्त घर दिसलं तर जरूर बघा. पण भिंतीवर टिचकी मारून बघण्याआधी सातबारा मागा, इतर हक्कांचा रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, झाडं कुणाची आणि वाट कुणाच्या जागेतून ते विचारा, आणि सगळे हिस्सेदार एकाच दिवशी दुय्यम निबंधकासमोर उभे राहणार असतील तरच खिशात हात घाला. शहरात घराचा भाव चौरस फुटावर सांगतात. कोकणात तो माणशी काढावा.