पकडीची पकड

सूक्ष्मदर्शकाखाली सोल्डरिंग करताना सर्किट बोर्ड, म्हणजे तांब्याच्या वाटा असलेली पाटी, स्थिर धरणारी पकड घरीच बनवण्याची कल्पना काटकसरीतून जन्मते असे मानले जाते, आणि चौथ्या नमुन्यापर्यंत तरी ही समजूत टिकते. दहापट वर्धनात अर्ध्या मिलिमीटरचा हादरा पाच मिलिमीटरचा भासतो, म्हणून पोलादी पट्टीवर चुंबकाचे पाय येतात. मग त्यांच्या संगतीने पोलादी चिमटाही चुंबकित होतो आणि जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा रोधक, म्हणजे प्रवाहाला अटकाव करणारा घटक, बोर्ड सोडून चिमट्यालाच एकनिष्ठ राहतो. त्रिमितीय छपाईने घडवलेली पीएलए प्लास्टिकची पकड सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, तर कथील-शिशाचा डाख १८३ अंशांच्या आत वितळत नाही, हा हिशेब बहुधा पकड वाकल्यावरच मांडला जातो. मूळ बोर्ड तोवर खणात निवांत असतो.