काही मिनिटं लागतील

(नवी विंडोज आणि नवा गेमचा डबा घरी आलेल्या पहिलटकरांसाठी, परभणीजवळच्या पोखर्णी व पंचक्रोशीच्या परिस्थितीनुसार)

ज्यांनी आयुष्यात संगणक पाहिला नाही त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका नाही. त्यांचं बरं चाललंय, त्यांनी हे वाचून मन गढूळ करू नये. ही तुमच्यासाठी आहे: वीसेक वर्षांपूर्वी परभणीला रोज एसटीनं जाऊन-येऊन एमएससीआयटी केलेल्या, प्रमाणपत्र लॅमिनेट करून लोखंडी कपाटात ठेवलेल्या आणि लग्नाच्या बायोडाटात ‘संगणक ज्ञान आहे’ असं लिहिलेल्या माणसासाठी. तो कोर्स आणि विंडोज एक्सपी, दोन्ही २००१ सालचे. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला थांबवली. तुमचं प्रमाणपत्र मात्र अजून चालू आहे. त्यात शिकवलेलं आता कुठं सापडत नाही, एवढंच. तेव्हा आपण नवशिके आहोत हे आधी मान्य करा. मान्य केल्याशिवाय इथं ‘पुढे’चं बटण उजळत नाही.

साहित्य

नवा संगणक एक. इन्व्हर्टर एक, बॅटरीत पाणी टाकलेला. मोबाइल दोन, वेगवेगळ्या कंपन्यांचे, कारण एकाला रेंज अंगणात येते आणि दुसऱ्याला गच्चीवर. बारावीतली पुतणी, परीक्षा नसलेल्या महिन्यातली. पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा साहित्यात धरू नये. त्याच्याकडं शेवटी येऊ.

आधी पात्रता

जुन्या संगणकावरच नवी विंडोज टाकू, असा काटकसरी विचार मनात आला असेल तर थांबा. विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ ला आली ती अटी घेऊन. संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा हवा. तुमचा संगणक चालतो का, हे कोणी विचारत नाही. गावातल्या सेवा केंद्रावरच्या २०१६ सालच्या संगणकानं कितीही पीकविमे भरले असोत, कितीही सातबारे काढले असोत, तो अपात्र. कागदपत्रांअभावी अपात्र ठरायची आपल्याला सवय आहे. इथं कागद मदरबोर्डवर लागतो. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती संगणकांना आणखी एक वर्षाची मुदतवाढ दिली गेली, त्यासाठीही अर्थात नाव नोंदवावं लागतं. मुदतवाढीवर जगणं हा तर आपला पिढीजात अनुभव.

पहिला पडदा

संगणक सुरू केला की तो देश विचारतो. भारत निवडा. मग घड्याळ लावायला जाल तर भारताच्या ओळीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी चार गावं दिसतील. वर सरकलात तर दुसऱ्या ओळीत बर्लिन दिसेल. म्हणजे जगात जर्मनी आहे, भारतात परभणी मात्र नाही. निराश न होता चेन्नईवाली ओळ निवडा, वेळ तीच येते.

नंतर ‘इंटरनेटला जोडा’ असा पडदा येतो. त्याच्या खाली ‘आत्ता नको’ असं शोधण्यात वेळ दवडू नका. पूर्वी तशी सोय होती. आता घरगुती आवृत्तीत इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं असल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ज्यांना आडवाट माहीत होती त्यांच्या आडवाटाही एकेक करून बुजवल्या जात आहेत. तेव्हा एक मोबाइल गच्चीवर, संगणक खाली, मधे जिन्यावर पुतणी.

खातं म्हटलं की ईमेल आला. तुमचा ईमेल आहे, याबद्दल शंका नाही. तो कधीतरी एखादा फॉर्म भरताना सायबर कॅफेवाल्यानं काढून दिला होता. त्याचा पासवर्ड त्यालाच माहीत होता, आणि त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. नवा ईमेल काढा. त्यासाठी ओटीपी येईल. तो ज्या मोबाइलवर येईल तो मोबाइल शेतात गेलेला असेल.

काही आवृत्त्यांत आणखी एक प्रश्न असतो, तो खरा अवघड आहे: हे यंत्र कोण वापरणार? उत्तराचे पर्याय दोनच, एक तर स्वतःसाठी, नाहीतर ऑफिस-शाळेसाठी. पोखर्णीतलं खरं उत्तर असं की पुतणी अभ्यासाला वापरणार, भाऊ बाजारभाव बघायला, वहिनी बचतगटाच्या हिशोबाला, शेजारचे प्रवेशाचा फॉर्म भरायला आणि लहान पोरं चित्रं रंगवायला. हा पर्याय यादीत नाही. एका माणसाचं एक यंत्र, त्याला स्वतःची खोली, खोलीत कायमचं इंटरनेट, असा ग्राहक कुठंतरी अमेरिकेत बसलेला आहे आणि सगळे पडदे त्याच्याशीच बोलतात. आपण मधे उभं राहून ‘हो’ म्हणायचं.

अटी आणि शर्ती

यानंतर तुम्ही कुठं आहात हे सांगू का, काय टाइप करता ते कळवू का, जाहिराती तुमच्या आवडीच्या दाखवू का, असे प्रश्न येतात. उत्तरं आधीच ‘हो’वर सरकवलेली असतात. एकेक मागं ओढा.

अटी वाचाव्यात का? पोखर्णीच्या माणसानं हा प्रश्न विचारण्याआधी गावातल्या नृसिंहाच्या देवळात जाऊन यावं. हिरण्यकश्यपूनं अटी न वाचता सही केली होती असं नाही. त्यानं त्या स्वतःच लिहून घेतल्या होत्या. माणसाकडून मरण नको नि पशूकडूनही नको, घरात नको नि बाहेरही नको, दिवसा नको नि रात्रीही नको, शस्त्रानं नको. इतका पक्का मसुदा एखाद्या कंपनीच्या कायदा विभागालाही जमणार नाही. तरी उंबरठा राहिला, तिन्हीसांज राहिली, नखं राहिली. आपल्या गावचा देव मुळात सुरक्षेतली त्रुटी शोधूनच प्रकटला.

म्हणून अपडेट हा प्रकार थट्टेवारी नेऊ नका. तो खरोखर लागतो. मायक्रोसॉफ्ट २००३ च्या ऑक्टोबरपासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अशा त्रुटी बुजवतं. हिरण्यकश्यपूला ही सोय असती तर पुढच्या मंगळवारी ‘उंबरठ्यावरही नको’ हे कलम जोडलं गेलं असतं. देवानं मग आणखी काहीतरी शोधलं असतं आणि त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा दुरुस्ती. याला अंत नाही, हे प्रल्हादालासुद्धा मान्य झालं असतं.

कधीकधी तर पहारेकरीच खांब पाडतो. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं एक सदोष अपडेट पाठवलं आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानं सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. त्या संगणकांची चूक इतकीच की ते वेळेवर अपडेट झाले होते.

लाइट आणि अपडेट

अमेरिकेत मंगळवारी सकाळी दहाला सुटलेलं अपडेट आपल्याकडं, तिथला ऋतू पाहून, रात्री साडेदहाला किंवा साडेअकराला पोचतं. पडद्यावर ‘काही मिनिटं लागतील, संगणक बंद करू नका’ असं येतं. आपण बंद करतच नाही. बंद ती लाइट करते.

यासाठी प्रणालीत एक सोय आहे. तुमचे कामाचे तास सांगून ठेवा, त्या वेळात ती स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होत नाही. जास्तीत जास्त १८ तास सांगता येतात. आता ज्या घरात पंपाची थ्री-फेज लाइट एका आठवड्यात दिवसाच्या पाळीला येते आणि दुसऱ्या आठवड्यात रात्रीच्या, त्या घरानं कुठले १८ तास सांगायचे, हे ज्यानं त्यानं फीडरप्रमाणं ठरवावं. पीकविम्याच्या शेवटच्या तारखेला सेवा केंद्रावर रांग असताना पडद्यावर ३० टक्के दिसलं तर रांगेला पडदा दिसणार नाही असं तोंड करून तो फिरवून ठेवा.

वस्तू कुठं गेल्या

‘स्टार्ट’चं बटण डाव्या कोपऱ्यात असतं, हे तुम्ही घोकलं होतं. २०१२ साली विंडोज ८ मध्ये ते काढून टाकलं. लोक इतके ओरडले की पुढच्याच वर्षी परत आणलं. २०२१ मध्ये ते सरकवून मधे आणून ठेवलं. उजवं बटण दाबल्यावर येणारी यादी अर्धी कापली आणि उरलेली अर्धी ‘आणखी पर्याय’मागं लपवली. कॉपी-पेस्टचे शब्द काढून नुसती चित्रं ठेवली, आणि लोकांना चित्रं कळेनात म्हणून तीन वर्षांनी चित्रांखाली परत शब्द लिहिले. यातून जाणकार माणूस दर तीन-चार वर्षांनी नवशिका होतो. माझ्या मते हेच या सगळ्या खटाटोपाचं खरं उत्पादन आहे. बाकी सोबत फुकट मिळतं. ज्या गवंड्यानं तुमच्या घराची दारं दर चार वर्षांनी विनाकारण दुसऱ्या भिंतीत बसवली असती, त्याला तुम्ही मजुरी दिली नसती.

लग्नपत्रिका छापणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेवमधली फाइल नव्या संगणकावर उघडाल तर ‘॥ श्री नृसिंह प्रसन्न ॥’च्या जागी रोमन अक्षरं, टक्के आणि कंस दिसतील. देव कोपलेला नाही. त्या फाँटमध्ये मराठी ही इंग्रजी अक्षरांच्या अंगावर चढवलेली असते. फाँट नसला की खालचं अंग दिसतं. फाँट टाका, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलताना रफार आणि वेलांट्या भलतीकडं जातात, तेव्हा वधूवरांची नावं डोळ्यांत तेल घालून तपासा.

आता भाचा

दिवाळीला भाचा प्लेस्टेशन ५ घेऊन येतो. हा डबा भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला विक्रीला आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० रुपये होती. त्या हंगामाच्या ३,८८० रुपये हमीभावानं हे जवळपास १३ क्विंटल सोयाबीन होतं, हमीभाव मिळाला तर. त्या डब्याच्या खोक्यावर ८२५ जीबी जागा लिहिलेली असे आणि वापरायला मिळे ६६७. सातबाऱ्यावर एक आणि ताब्यात एक, मधलं पोटखराब.

तुम्हाला आठवत असेल, नव्वदच्या दशकात कॅसेटचा टीव्ही गेम होता. पिना टीव्हीला लावायच्या, कॅसेट खोचायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची, पुन्हा खोचायची. फुंकर मारू नका, असं मूळ कॅसेटवाल्या निन्टेंडो कंपनीचं म्हणणं होतं. ते कोणी ऐकलं नाही. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असे आणि आत दहाच गेम फिरून फिरून येत. पण ते दहा तरी त्याच संध्याकाळी येत.

इथं डिस्क घातली की ती आधी कॉपी होते. मग डबा म्हणतो, माझं सॉफ्टवेअर जुनं झालंय. ते नवं केलं की गेम म्हणतो, मी जुना झालोय. दुकानातून आजच आणला असला तरी. मोठा गेम सहज १०० जीबीचा असतो. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर तो उतरवायचा तर ५० दिवस, तेही घरात दुसऱ्या कोणी एक व्हिडिओ पाहिला नाही तर. तोवर पेरलेलं सोयाबीन शेंगेला येतं.

“मामा, लॉगिन करा ना.”

“कशात?”

“पीएसएनमध्ये.”

“आता हा कोण?”

तेही एक खातंच, सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कचं. त्याचाही पासवर्ड, त्याचाही ओटीपी, मोबाइल पुन्हा शेतात. आणि एवढं करून ते नेहमी उघडं असेलच असं नाही. एप्रिल २०११ मध्ये घुसखोरीनंतर सोनीनं हे जाळं तीन आठवड्यांहून जास्त बंद ठेवलं होतं, ७ कोटी ७० लाख खाती त्यात अडकली होती. फेब्रुवारी २०२५ मध्येही ते जवळजवळ दिवसभर आडवं झालं.

बटणांविषयी एक खुलासा. हातातल्या कंट्रोलरवर गोल आणि फुली अशी दोन बटणं आहेत. जपानमध्ये गोल म्हणजे बरोबर आणि फुली म्हणजे चूक, म्हणून तिकडं गोल दाबला की मान्य होई. पाश्चात्त्य देशांत उलटं झालं, आणि २०२० च्या प्लेस्टेशन ५ पासून जपानसकट सगळीकडं फुली म्हणजे ‘हो’ ठरलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या माणसाचा हात फुलीकडं जाताना कचरतो. कचरू नका. फुली दाबा.

सगळं नीट झालं तर भाऊबीजेच्या संध्याकाळी गेम सुरू होईल. लाइट असेल. मैदान दिसेल, प्रेक्षक ओरडतील, घरातले सगळे टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसतील, आजोबांना खुर्ची दिली जाईल. तेवढ्यात पडद्यावर चौकट येईल: कंट्रोलरसाठी नवं सॉफ्टवेअर आलं आहे, तो यूएसबी केबलनं जोडा. केबल आजोबांच्या मोबाइलला लावलेली असेल आणि मोबाइल नऊ टक्क्यांवर असेल. ती काढायची की नाही, हे आजोबांना विचारा.