भर दुपारी बागेला कुलूप

सार्वजनिक बाग दुपारी बंद ठेवणं हा या शहरातल्या कष्टकऱ्यांवर अन्याय आहे. याहून सौम्य शब्द मला वापरायचा नाही.

मुंबईत मे महिन्यात दुपारी एक वाजता सावली कुणाला हवी असते? सकाळी सहाला ट्रॅकसूट घालून फेऱ्या मारणाऱ्याला नको असते, तो तेव्हा ऑफिसात किंवा घरी पंख्याखाली असतो. हवी असते ती चार घरची धुणीभांडी आटपून पाचव्या घराची वेळ होण्याची वाट बघणाऱ्या बाईला. पाठीवर पार्सलची भली मोठी बॅग घेऊन पुढच्या ऑर्डरसाठी मोबाइलकडे डोळे लावून बसलेल्या मुलाला. रात्रपाळीचा भाऊ दहा बाय दहाच्या खोलीत झोपलाय म्हणून पुस्तक घेऊन घराबाहेर पडलेल्या बारावीच्या पोरीला. पेशंट हॉस्पिटलात आणि आपण फुटपाथवर, अशा अवस्थेत डबा उघडून बसलेल्या गावाकडच्या नातेवाइकांना. नेमक्या याच वेळी शहरातल्या कितीतरी बागांच्या फाटकाला साखळी लागते. आत सावली आणि रिकामी बाकडी असतात. बाहेर फाटकाला टेकून माणसं उन्हात उभी असतात. मी हे इतक्या ठिकाणी पाहिलंय की एका बागेचं नाव घेणं बाकीच्यांना सोडून देण्यासारखं होईल.

कारण विचारलं की उत्तरं ठरलेली. साफसफाई करायची असते. झाडांना पाणी घालायचं असतं. आणि मग आवाज जरा खाली आणून, ‘कुणीही येऊन झोपतं हो.’

रस्ता झाडायचा म्हणून कुणी रस्ता बंद करत नाही. भर दुपारच्या उन्हात झाडांना पाणी घालावं असं कुठलाही माळी सांगणार नाही. तेव्हा खरं कारण तिसरंच आहे, आणि त्यालाच उत्तर द्यायला हवं. झोपतात ना? झोपू द्या. पहाटे चारला उठून भाजी मार्केटला गेलेला माणूस दुपारी झाडाखाली तासभर पाय पसरून पडला तर हिरवळीचं काय बिघडतं? बाकड्याच्या मधोमध लोखंडी दांडा ठोकून त्याला आडवं होऊ न देण्यात नगरनियोजन कुठे आलं? बाग विश्रांतीसाठी असते असं फाटकावरच्या फलकावर लिहायचं आणि ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच वॉचमनने शिट्टी मारून उठवायचं, हे मला संतापजनक वाटतं.

आता आकडे. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. माणशी मोकळी जागा किती, याचा मुंबईसाठी नेहमी दिला जाणारा हिशेब सव्वा चौरस मीटरच्या आसपासचा आहे. केंद्र सरकारच्या २०१४च्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत १० ते १२ चौरस मीटर असावी असं म्हटलंय. सव्वा मीटरमध्ये माणूस उभा राहू शकतो, फार तर मांडी घालून बसू शकतो. एवढी टंचाई असलेल्या गावात असलेली जागासुद्धा ऐन उन्हाच्या तासांत बंद ठेवायची? वेळापत्रकं मधूनमधून बदलतात, नव्या पाट्या लागतात, वेळ वाढवल्याच्या बातम्या येतात. पण पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा साखळी कुणाच्या हातात आहे यावर बाग उघडी की बंद ते ठरतं.

‘उघडी ठेवली तर नासधूस होईल’ असं म्हणणाऱ्यांनी दादरला जावं. शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं. सुमारे २८ एकरांच्या त्या मैदानाभोवती बसायला कट्टा आहे, आत शिरायला तिकीट नाही. त्या कट्ट्यावर पहाटे फिरणारे बसतात, दुपारी फेरीवाले टेकतात, संध्याकाळी पेन्शनर, रात्री उशिरापर्यंत कॉलेजची मुलं. शंभर वर्षांत त्या कट्ट्याला कुणी उचलून नेलं नाही. मरीन ड्राइव्हचंही तेच. मुंबईकर ज्या दोन जागांवर जीव टाकतो, त्या दोन्ही ठिकाणी कुणी त्याला किती वाजेपर्यंत बसणार असं विचारत नाही. जिथे माणसांची वर्दळ असते तिथे माणसंच जागेची राखण करतात. ओस पडलेल्या, कुलूपबंद बागेच्या मागच्या भिंतीवरून आत कोण उतरतं, हे आसपासच्या कुठल्याही बाईला विचारा.

बाई म्हटल्यावर आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे मुंबईवरचं पुस्तक २०११ साली आलं. शहरात बाई दिसली की ती कुठल्या तरी कामाने निघालेली असली पाहिजे, असं आपण धरून चालतो. कामाविना रेंगाळण्याचा हक्क तिलाही आहे, असं या तिघींनी ठामपणे मांडलं. बागेत गेल्यावर हे लगेच पटतं. पुरुष एकटा बाकड्यावर बसून तासभर आकाशाकडे बघू शकतो. बाई बसली तर बरोबर मूल तरी हवं, नाहीतर पायात चालायचे बूट. नुसती बसलेली बाई दिसली की येणारेजाणारे बघतात, आणि पाच मिनिटांत ती उगाचच मोबाइल काढून कुणाशी तरी बोलू लागते. तिच्या घरात तिला स्वतःची खुर्ची नाही. बाहेर एक बाकडं असावं, तिथे तिला कुणी हटकू नये, एवढीच तर मागणी आहे.

राणीच्या बागेबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तिथलं दुखणं जास्त खोल आहे. १८६२ साली भायखळ्यात ही बाग सुरू झाली. आजचं अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पेंग्विन आणि वाघ बघायला लोक येतात त्यात गैर काहीच नाही, मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पण या बागेची खरी श्रीमंती तिची झाडं आहेत. पोट सुटल्यासारख्या बुंध्याची गोरखचिंच, मूळची म्यानमारची उर्वशी, खोडालाच फुलं धरणारा कैलासपती, सीतेचा अशोक. बॉटनीचा विद्यार्थी सबंध दिवस घालवू शकेल असा हा वृक्षसंग्रह शहराच्या ऐन पोटात, गिरणगावाला लागून उभा आहे. २००७च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नव्या आराखड्यात या झाडांवर संकट येणार असं दिसलं, तेव्हा मुंबईतल्या काही बायका पुढे आल्या. त्यांनी झाडं ओळखली, नोंदवली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आज आपण तिथे ज्या सावलीत उभे राहतो तिच्यात त्यांचे कष्ट आहेत, आणि शहराने त्यांचं ऋण उघडपणे मानायला हवं.

सोलहून २०१६ साली पेंग्विन आले, पुढच्या वर्षी ते लोकांना बघायला मिळाले, आणि त्याच २०१७ साली मोठ्या माणसाचं पाच रुपयांचं तिकीट पन्नास रुपये झालं. आईबाप आणि दोन मुलं अशा कुटुंबाला शंभर. परदेशी पक्ष्यांना थंडगार ठेवायला खर्च येतो, तो तिकिटातून काढावा हे समजू शकतं. पण नागपाड्यातला, लालबागमधला, घोडपदेवचा माणूस जी बाग आपली म्हणत होता, संध्याकाळी मुलांना घेऊन सहज जाऊन येत होता, ती या एका फटक्यात वर्षातून एकदा जायची सहल झाली. प्राणी बघायला तिकीट ठेवा, झाडाखाली बसायला ठेवू नका. दोन्हींसाठी वेगळी फाटकं करणं पन्नासेक एकरांच्या आवारात अशक्य नाही, इच्छा हवी.

मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनची गोष्ट ताजी आहे. १८८१मधली ही बाग पाण्याच्या टाकीवर बसलेली आहे, निम्म्या दक्षिण मुंबईच्या नळाला तिथून पाणी जातं. टाकी पाडून नवी बांधायची, त्यासाठी ३८९ झाडं तोडावी किंवा हलवावी लागतील, असं २०२३मध्ये ठरत होतं. रहिवासी उभे राहिले, तज्ज्ञांची समिती बसली, आणि टाकी पाडण्याऐवजी तिची दुरुस्ती करून भागेल असं निघालं. लोक गप्प बसले असते तर? त्या टेकडीवरच्या लोकांकडे इंग्रजीत पत्रं लिहिणारे, वकील गाठणारे, वर्तमानपत्रात ओळखी असणारे होते, आणि त्यांनी त्या ताकदीचा चांगला उपयोग केला, त्याबद्दल आदरच आहे. काळजी आहे ती कुर्ल्यातल्या, मालवणीतल्या, विक्रोळीतल्या त्या छोट्या बागेची, जिच्या झाडावर करवत चालते तेव्हा समिती बसत नाही.

आणि ‘सुशोभीकरण’! हा शब्द निविदेत दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. बाग काही महिने पत्र्याआड जाते. परत दिसते तेव्हा मातीच्या जागी पेव्हर ब्लॉक, झाडाच्या बुंध्याला गळ्यापर्यंत सिमेंटचा पार, फांद्यांना गुंडाळलेल्या रंगीत दिव्यांच्या माळा, लाकडासारखा रंगवलेला काँक्रीटचा पूल आणि सेल्फी पॉइंट. झाडाच्या खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात बजावलं होतं. मुळांना पाणी आणि हवा लागते हे तिसरीच्या पुस्तकात असतं. पावसाळ्यात असं झाड कोसळतं तेव्हा ‘जोरदार वाऱ्यामुळे’ अशी नोंद होते. वाऱ्याने शेवटचा धक्का दिला, जमीन आपण आधीच आवळली होती.

मोकळ्या भूखंडांचा इतिहास तर याहून कडू आहे. महापालिकेकडे सांभाळायला पैसे नाहीत म्हणून मैदानं आणि बागा खासगी संस्थांना ‘दत्तक’ द्यायच्या, ‘काळजीवाहू’ म्हणून द्यायच्या. काही संस्थांनी मनापासून सांभाळल्या. काहींनी क्लबहाऊस बांधलं, सभासदत्वाची फी लावली आणि आजूबाजूच्या मुलांना बॉल आत गेला तरी फाटकाबाहेर उभं केलं. २०१६च्या जानेवारीत महापालिकेच्या सभागृहाने पुन्हा तसंच धोरण मंजूर केलं, तेव्हा लोक इतके खवळले की मुख्यमंत्र्यांना ते रोखावं लागलं. नंतरही तीच कल्पना नव्या मसुद्यातून डोकं वर काढते. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला माळ्याचा आणि वॉचमनचा पगार परवडत नाही, हे मी मान्य करायला तयार नाही.

आता महालक्ष्मीला सेंट्रल पार्क होणार आहे. रेसकोर्सची १२० एकर जमीन आणि कोस्टल रोडलगतची जागा मिळून सुमारे ३०० एकर. व्हावं, जरूर व्हावं, आणि तिथे माती व झाडंच राहोत. पण ते झालं म्हणून मुंबईच्या बागांचा प्रश्न सुटला असं कुणी सांगू नये. दुपारी एक तास मोकळा मिळालेली मानखुर्दची बाई महालक्ष्मीला जाणार कशी? तिला चालत दहा मिनिटांवरची बाग हवी. गोवंडी-मानखुर्दच्या वाट्याला १९२७पासून देवनारचा कचरा आलाय. आणि कचऱ्याच्या जागी जंगल उभं राहू शकतं, हे याच शहराने धारावीला लागून करून दाखवलंय: मिठी नदीकाठच्या डम्पिंगच्या जागेवर आज ३७ एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. तिथे पहिलं झाड १९८३ साली सलीम अलींच्या हस्ते लागलं. ज्या शहराला हे जमलं त्याला पूर्व उपनगरातल्या मुलांसाठी दर वस्तीत एक सावलीची जागा काढणं जमेल.

तोवर, आहेत त्या बागा उघडा. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत एकाही सार्वजनिक बागेला दुपारी कुलूप लागू नये, यासाठी वॉचमनची एक पाळी वाढवावी लागेल. त्याला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी द्यावं लागेल, कारण तोही कंत्राटावरचा, उन्हात उभा असलेला माणूसच आहे. बाकड्यांवरचे दांडे कापावे लागतील. फाटकावर वेळेची पाटी ठळक मराठीत हवी, खाली तक्रारीचा फोन नंबर हवा, आणि तो नंबर कुणीतरी उचलायला हवा. आणि आतल्या शौचालयाचं कुलूप सगळ्यात आधी काढा. दुपारभर बाहेर राहणारी कामवाली बाई जायची सोय नाही म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही. तिच्यासाठी सावलीइतकंच ते दार महत्त्वाचं आहे, आणि त्याची किल्ली बहुतेक बागांत आजच्या आज काढून देता येईल.