पाणी कुठवर आलं?

अर्जुना आणि कोदवली भरल्या की राजापुरात जवाहर चौकात पाणी शिरतं. बाजारपेठेला त्याचं अप्रूप नाही. नवं एवढंच, की हल्ली पाण्याच्या आधी व्हॉट्सॲप ग्रुपावर व्हिडिओ चढतो. माल माळ्यावर टाकायला दोन हात लागतात. त्यातला एक मोबाइल धरून उभा असतो. तिकडून डोंबिवलीचा चाकरमानी विचारतो, "चौकात पाणी आलं काय रे?" उत्तरादाखल त्याला तीन व्हिडिओ मिळतात. एक आजचा, एक गेल्या पावसाळ्यातला आणि एक 2021च्या चिपळूणच्या पुराचा. मग तो घाबरून आईला फोन लावतो आणि आई म्हणते, "कसलं पाणी? मी मासे साफ करतेय."

यावर मोबाइलच बंद करा, असं सांगणारे पुष्कळ. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ते करून दाखवलं. 15 ऑगस्ट 2022पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला बसतात. झकास! पण जुलैच्या मुसळधार रात्री राजापूरच्या दुकानदाराने हे व्रत धरलं, तर सकाळी गल्ला शोधायला नदीत उतरावं लागेल.

भोंगा आपल्याकडेही आहे. पाणी वाढलं की नगरपरिषद तो वाजवते. त्याला लाइक लागत नाहीत आणि काम नसताना तो तोंड उघडत नाही. हा गुण राजापुरात आता त्याच्याकडेच उरला. उन्हाळे गावची झऱ्यातली गंगासुद्धा पूर्वी तीनेक वर्षांनी यायची, आता तिचंही वेळापत्रक बिघडलंय. तिलाही कोणी ग्रुपात घेतलं की काय, न कळे.

गंमत सोडा. 1 जुलै 2018ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मोबाइलवर फिरलेल्या, मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने पाच जणांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. आपल्या हौसेला तेव्हा पाचही पुरले. प्रत्येक ग्रुपात दोनशे माणसं असली, की हजार झाले.

म्हणून फोन बंद करण्यापेक्षा त्यातला बाजार वेगळा काढावा, असं माझं मत. सुविचार, वाढदिवस, राजकारण आणि आंब्याचे भाव एका ग्रुपात. तो खुशाल म्यूट करावा, दिवसातून एकदा चहाबरोबर उघडावा, न उघडला तरी बिघडत नाही. पाणी, वीज, एसटी आणि रस्ता दुसऱ्या ग्रुपात. त्याची घंटी रात्रीही चालू. भाऊबंद रुसतील. रुसू देत, गणपतीला बोलतात.

गावोगावच्या ॲडमिनना विनंती: पावसाचे चार महिने त्या दुसऱ्या ग्रुपावर 'फक्त ॲडमिन' हे बटण लावा. आणि लावल्यावर तुम्हीही तिथे गुलाबाची फुलं टाकू नका.