क्रेन तयार आहे, अपघात हवा

वाफेच्या यंत्रांचा नाद असलेली शहाणी माणसं इंजिनाचं मॉडेल करतात. इंजिन झालं की रूळ टाकायचे, नातवंडांना मागे बसवायचं, शिट्टी मारायची, कौतुकच कौतुक. आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, क्रेन करायला घेतली. घसरलेली इंजिनं उचलणारी, वाफेवर चालणारी रेल्वेची क्रेन. दुसऱ्या कोणाचं तरी वाटोळं झाल्याशिवाय जिला कामच नाही, अशी.

नाना भुसावळला ब्रेकडाऊनमध्ये फिटर होते. भोंगा झाला की ताटावरून उठून पळायचं, हीच नोकरी. सासूबाई अजून म्हणतात, माझ्या निम्म्या पोळ्या भोंग्याने खाल्ल्या. नानांची लाडकी 65 टनी क्रेन इंग्लंडातल्या कार्लाइल गावच्या कोवन्स शेल्डन कारखान्याची. कार्लाइलचं नाव ते असं घेतात, की ऐकणाऱ्याला ते जळगावच्या पुढचं स्टेशन वाटावं.

सासुरवाडीत जावयाला मान असतो म्हणतात. मला कानस मिळाली. "जावईबापू, चहा होईस्तोवर एवढी कड मारून द्या." त्या घरात चहा फार उशिरा होतो.

प्रमाण ठरलं 1:8. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही आठाने भागायची, म्हणजे वजन भागिले 512. मूळ क्रेन शंभर टनांची धरली तरी मॉडेल 195 किलोंचं. आमच्या लिफ्टमध्ये '6 व्यक्ती, 408 किलो' अशी पाटी आहे. त्या हिशेबाने क्रेन म्हणजे तीन व्यक्ती. सेक्रेटरींनी अजून तिचा मेन्टेनन्स लावलेला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मग गेजचा प्रश्न. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, त्याचा आठवा भाग 209.5. विलायतेतल्या हौशी मंडळींचं मूळ गेज 1435, त्यामुळे त्यांची मॉडेलं सव्वासात इंची रुळांवर धावतात आणि त्यांची तयार चाकं आपल्या क्रेनला अरुंद पडतात. "सव्वासातातच बसवा की, कोणाला कळतंय!" असं एक पाहुणे म्हणाले. हल्ली ते येत नाहीत. चाकं शेवटी इथेच ओतून घेतली.

बॉयलर तांब्याचा. वाफेपुढे साध्या कथलाच्या डागाचा भरवसा नाही, म्हणून सांध्यांना चांदीचा डाग लागतो. 'चांदी' एवढंच सासूबाईंच्या कानावर गेलं आणि त्या जोडव्यांच्या आशेवर राहिल्या. चांदी बॉयलरच्या बुडाला लागली. त्या संध्याकाळी चहाच झाला नाही.

बॉयलरची परीक्षा थंड पाण्याने होते: कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब द्यायचा आणि बघत बसायचं. पंप नानांकडे, बघत बसणं माझ्याकडे. "घाबरू नका," नाना म्हणाले, "फुटलाच तर पाणी नुसतं गळतं. वाफ असती तर भिंत गेली असती." याला धीर देणं म्हणतात.

यंत्र लहान करताना लोखंड ऐकतं. पाणी ऐकत नाही. आपण 1:8 मध्ये आहोत हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पातळी दाखवणारी काचेची नळी हुबेहूब आठव्या हिश्शाची केली, तर पाणी काचेला चिकटून मनाला येईल ती पातळी दाखवतं. म्हणून नळी जरा जाड घेतली. नानांना ते अजून खुपतं.

या धंद्यातला माझा आवडता माणूस विल्फ्रेड स्टोक्स. हे इप्स्विचच्या रॅन्सम्स अँड रॅपियरचे, म्हणजे कार्लाइलच्या प्रतिस्पर्ध्यांचे. जड क्रेनच्या भाराने पूल खचू नयेत म्हणून त्यांनी भार वाटून घेणाऱ्या, जागेवर पोचल्यावर सोडवता येणाऱ्या जादा ट्रॉल्या काढल्या. याच गृहस्थांनी 1915 साली उखळी तोफही तयार केली. उचलायची सोय केली, पाडायचीही केली. गिऱ्हाईक कुठे जाणार?

अखेर क्रेन झाली. हिशेबाने तिने 127 किलो उचलायला हवेत, तेही जिब (क्रेनचा लांब हात) उभी असताना. जिब जसजशी आडवी, तसतशी ताकद कमी. गॅसचं भरलेलं सिलिंडर सुचवलं, तर नानांना अपमान वाटला. ते रोज गॅलरीतून रस्ता न्याहाळू लागले. एखादी रिक्षा खड्ड्यातून धडपणे बाहेर पडली की सुस्कारा टाकत.

आणि परवा पावसात सेक्रेटरींची स्कूटर पार्किंगमधल्या गटारात गेली. वजन एकशेदहाच्या आतबाहेर! नानांनी भोंगा दिला. क्रेन लिफ्टने खाली आली, मी जिन्याने. रुळाचे तुकडे टाकले. दोन्ही बाजूंचे आधार बाहेर काढले, त्यांच्याखाली जुन्या दाराच्या सागवानातून केलेले ठोकळे एकेक करून बसवले, रुळाला पकडी आवळल्या. "घाई करणाऱ्याच्या क्रेनसाठी दुसरी क्रेन बोलवावी लागते," नाना म्हणाले आणि शेगडीत कोळसा टाकला. काटा हलेना. पाऊस वाढला.

वाफ धरेपर्यंत वॉचमन आणि दूधवाल्याचा पोऱ्या आले आणि त्यांनी एक दोन तीन म्हणून स्कूटर उचलून बाहेर ठेवली.

नानांनी दाबाचा काटा पाहिला, मग त्या दोघांकडे पाहिलं.

"कोणाला विचारून हात लावलात? परत ठेवा."