रा. रा. मँडरिन मासेराव यांसी

मु. पो. मोडक्या प्रवाळांचा ढीग, पश्चिम पॅसिफिक

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण आमच्या पाहुणचाराचा केलेला अपमान चारचौघांत सांगितल्यावाचून आता राहवत नाही.

आपल्यासाठी दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. खिडकीतून अरबी समुद्र दिसत असताना समुद्राचं मीठ पाकिटातून विकत आणलं. पंप, दिवे, विजेचं बिल, सगळं सोसलं. महागातले दाणे टाकले, तर ते आपल्या नाकासमोरून तळाशी गेले. आपण एक बटबटीत डोळा तेवढा त्यांच्याकडे वळवलात आणि पोटाखालच्या परांवर चालल्यासारखे दगडामागे निघून गेलात! तिसऱ्या आठवड्यात पोट खपाटीला गेलं. एका सकाळी पंपाच्या जाळीला चिकटलेले सापडलात.

मागाहून कळलं की आपल्याला कोपेपॉड लागतात. टाचणीच्या टोकाएवढे ते जिवंत कवचधारी जीव, तेही दिवसभर एकेक टिपत. भरल्या ताटावरून उठणारे रुसके जावई आम्ही पाहिले आहेत. पण त्यांना निदान श्रीखंड चालतं.

आणि आपला थाट तरी काय! चिनी दरबारातल्या मँडरिन अंमलदारांच्या झग्यावरून नाव, १९२७ साली मिळालेल्या शास्त्रीय नावातही ‘स्प्लेंडिडस’, आणि देह सहा-सात सेंटिमीटर. नारिंगी वेलबुट्टीची निळाई तर अस्सल. आमच्या मोराचा निळा म्हणजे पिसांच्या बारीक रचनेतला उजेडाचा खेळ. आपल्या कातडीत मात्र खरंखुरं निळं रंगद्रव्य, जे पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत जवळजवळ कुणाकडेच नाही. असा ऐवज अंगावर घेऊन राहायचं कुठे? र्‍युक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, किनाऱ्यालगतच्या संथ पाण्यात, प्रवाळांच्या मोडतोडीत. म्हणजे पैठणी नेसून अडगळीच्या खोलीत. बरं, अंगावर खवले नाहीत, त्याऐवजी कडू, घाण वासाचा बुळबुळीत लेप! शालूवर एरंडेल चोपडावं तसा. खाणाऱ्यांना दूर ठेवायची ही युक्ती आम्हाला लागू नव्हती. आम्ही खाणारे नव्हतो, नुसते बघणारे होतो.

बघायचंच होतं, तर पालाव किंवा फिलिपिन्सला यायला हवं होतं म्हणा. तिथे तिन्हीसांजेला लोक पाण्याखाली श्वास रोखल्यासारखे थांबतात. आपण आणि सौभाग्यवती ढिगातून बाहेर येता, अंगाला अंग लावून जेमतेम मीटरभर वर चढता, काही क्षणांत अंडी पाण्यात सोडता आणि दोघंही पुन्हा अंधारात. आमच्या टाकीची उंची दीड फूट होती.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक माजी यजमान

ता. क. दुकानदाराचा परवा फोन आला. ‘‘साहेब, अजून दोन आलेत, एकदम चकाचक.’’ खातात काय, म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘‘सगळं खातात.’’